चिंधी, चीवर आणि गोधडी : कमी खर्चातील एक घरगुती हस्तकला

वर्षावासाच्या महिन्यांत आमच्या विहारात महिलांसाठी शिवणकामाचा एक लहानसा वर्ग चालतो. मशीन घेण्याची ऐपत कोणाचीच नसल्यामुळे आम्ही हातशिलाईच्या गोधडीपासून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारले, "ताई, बाबासाहेबांनी आपल्या अंगावरच्या चिंध्या काढायला लावल्या आणि तुम्ही पुन्हा चिंध्याच शिकवता?" प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करते. त्याबरोबरच गोधडी कशी करावी, खर्च किती येतो आणि तिचा हिशेब कसा मांडावा हेही आपल्या भगिनींपुढे ठेवते.

त्या मुलीच्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. तो केवळ पोथीत राहिला नाही. गावोगावी प्रेतावरचे कापड आपल्या वाडवडिलांच्या पदरात 'हक्क' म्हणून पडत असे. हा हक्क नसून अपमान आहे, हे प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला दाखवून दिले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले.

मुंबईत आल्यावरही कापडाचा हा प्रश्न सुटला नाही. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड या भागांतील गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी कामाला होती. पण जास्त पगाराच्या साचाखात्यात, म्हणजे जिथे कापड विणले जाई त्या खात्यात, त्यांना प्रवेश नव्हता. कांडी संपली की नवी कांडी घालून धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे इतर कामगारांचे म्हणणे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे जाहीरपणे मांडला. ज्यांनी गिरणीसाठी सूत कातले त्यांना कापड विणण्याची बंदी होती, आणि तेच कापड फाटल्यावर मात्र त्यांच्या अंगावर टाकले जात होते. तेव्हा चिंधी म्हटले की आपल्या मुलीच्या कपाळाला आठी पडते यात नवल नाही.

आता याच चिंधीकडे तथागतांनी कसे पाहिले ते पाहू. सुरुवातीच्या काळात भिक्खू पंसुकूल चीवर वापरीत. उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकून दिलेले कापड गोळा करायचे, धुवायचे, रंगवायचे आणि शिवून अंगावर घ्यायचे. पुढे वैद्य जीवकाने भगवंतांना उत्तम वस्त्र अर्पण केले आणि भिक्खूंना गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेता यावीत अशी विनंती केली. भगवंतांनी ती मान्य केली. ज्याची इच्छा असेल त्याने पंसुकूल वापरावे, ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थांचे वस्त्र घ्यावे, असा नियम झाला. माझ्या मते त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. मनूची चिंधी सक्तीची होती. दुसऱ्याने ठरवायचे आणि आपण नेसायचे. पंसुकूल ही ज्याची त्याची निवड होती, आणि ते कापड शिवणाऱ्याच्या हातून धुऊन, बेतून, नवे होऊन निघत असे.

बेताचे म्हणाल तर विनयपिटकातील महावग्गात एक सुंदर प्रसंग आहे. भगवंतांनी मगध देशातील शेते पाहिली. बांध घातलेली, चौकोनी, एकाला एक लागून असलेली खाचरे. त्यांनी आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर तयार केले. आजही भन्तेजींच्या चीवरावर जे शिवणीचे पट्टे दिसतात ते त्या शेतांचे बांध आहेत. जपानमधील भिक्खूंचे 'केसा' हे वस्त्रही अशाच तुकड्यांचे असते. कोकणातून, देशावरून आलेल्या आपल्या आज्या नांगरटीच्या रेघांसारखे टाके घालीत, ते विनय वाचून नव्हे. पण हात दोन्हीकडे एकच गोष्ट करीत होते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे प्रवचनात फारशी सांगितली जात नाही. भिक्खूच्या आठ परिष्कारांत सुई आहे. चुल्लवग्गात शिवणाच्या सामानाची बारीकसारीक चर्चा आहे : सुई ठेवण्याची नळी, बोटाला टोचू नये म्हणून अंगुस्तान, टाका सरळ यावा म्हणून आधी घालायचा खुणेचा दोरा. 'कठिन' हा शब्द आपण कठिन चीवरदानामुळे ओळखतो. मुळात कठिन म्हणजे चीवर शिवताना कापड ताणून धरण्याची चौकट. शिवणकाम बायकांचे म्हणून हलके समजणाऱ्या आपल्या बंधूंनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

कापड सुती हवे. नायलॉन व पॉलिस्टरच्या साड्या आत घातल्या तर थर सरकतात, घामाने अंग चिकटते आणि सुई वळते. हल्ली घरात सुती साडी क्वचितच सापडते ही खरी अडचण आहे. पण जुन्या चादरी, ओढण्या, लेंगे, सदरे चालतात. आपल्या घरी एक साठा हमखास असतो, तो म्हणजे पौर्णिमेला नेसून नेसून पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या सुती साड्या. आतल्या थरांना त्यांच्याइतके चांगले कापड नाही. बोहारणीला अशा चार साड्या देऊन एक स्टीलचा डबा घेण्याआधी जरा विचार करावा. शिंप्याकडच्या कातरणीही मागितल्या तर मिळतात. वरच्या थरावर ठिगळांची नक्षी करायला त्या उपयोगी पडतात. रंगीत कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. रंग उतरला तर तो तुकडा बाजूला ठेवावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी बिघडते.

साधारण साडेपाच मीटरच्या साडीचे सहा फुटी तीन तुकडे होतात. पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास असतो. म्हणजे दोन साड्यांत सहा थरांची, एका माणसाला पुरेल अशी गोधडी बसते. नवशिकीने मात्र एवढ्या जाड कामाला हात घालू नये. अडीच फूट बाय तीन फुटांचे, तीन थरांचे दुपटे आधी करावे. ते पूर्ण होते, आणि पूर्ण झालेले काम पाहिले की पुढचे करावेसे वाटते.

सगळ्यांत अवघड काम शिवण्याचे नसून अंथरण्याचे आहे. एकेक थर जमिनीवर पसरून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढाव्यात. कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्याचा तांब्या, काहीही वजन ठेवावे. मग वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना बांधून घ्यावेत. हेच ते चुल्लवग्गातले खुणेच्या दोऱ्याचे काम. कच्च्या टाक्यांचा कंटाळा केला की गोधडीला मध्ये फुगा येतो आणि तो नंतर काढता येत नाही. कडा आत दुमडून कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करावा आणि कडेकडेने फिरत आत मध्याकडे यावे. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत एक इंच अंतर. दोरा हातभरच घ्यावा, जास्त घेतला की गुंता होतो. वंदनेनंतर उरलेल्या मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढून घेतला तर तो कापडातून सहज सरकतो.

बी.डी.डी. चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत सहा फुटी गोधडी अंथरायला जागा नसते. म्हणून पूर्वी हे काम दुपारी पॅसेजमध्ये किंवा गच्चीवर होई आणि चार शेजारणी चार बाजूंना बसत. गिरणीत पाळ्या बदलत तसे एकाच अंथरुणावर पाळीने झोपणारे पुरुष या गिरणगावात होते, आणि अशी अंथरुणे बहुधा गोधडीचीच असत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर कित्येक घरे बायकांच्या खानावळीवर, भाजीच्या टोपलीवर आणि शिवणावर तगली. आता या चाळींचा पुनर्विकास चालू आहे, नव्या घरांचे क्षेत्र ५०० चौरस फूट आहे. घर मोठे झाले, पण पॅसेजमधली ती दुपार नव्या इमारतीत आपोआप येणार नाही. तेथे विहाराची किंवा सोसायटीच्या हॉलची जागा आठवड्यातून एक दुपार मागून घ्यावी लागेल.

खर्चाचे गणित आता मांडते, कारण 'घरच्या चिंध्या, खर्च काहीच नाही' हे वाक्य मला खटकते. सहा फूट बाय चार फूट गोधडीवर एक इंच अंतराने ओळी घातल्या तर टाक्यांची एकूण लांबी २८८ फूट होते. जाड थरांतून तासाला दहा फूट धरले तर सुमारे २९ तास शिवण. धुणे, अंथरणे, कडा मिळून आणखी सहा तास. एकूण ३५ तास. समजा दोरा, सुया व इतर किरकोळ सामानाला १५० रुपये गेले आणि गोधडी ९०० रुपयांना विकली. उरले ७५० रुपये. भागिले ३५ तास, म्हणजे तासाला २१ रुपयांच्या थोडे वर. वर्गात हे गणित फळ्यावर लिहिले तेव्हा सगळ्या गप्प बसल्या. एक वहिनी म्हणाल्या, "आणि एवढ्यावरही गिऱ्हाईक घासाघीस करते."

म्हणून प्रत्येकीने एक वही करावी. कापड कोठून आले, दोरा कितीचा, आज किती तास बसले, एवढेच रोज लिहावे. स्वतःच्या घरासाठी, लेकीच्या बाळंतपणासाठी शिवत असाल तर तासांचा हिशेब कशाला, असे कोणी म्हणेल. तरीही लिहावे, कारण विकायची वेळ आली की तीच वही किंमत सांगते. उधारीवर माल देऊ नये. आमच्या वर्गातल्या एका भगिनीने एका दुकानदाराला डझनभर दुपटी विश्वासावर दिली. त्याचे पैसे अजून यायचे आहेत आणि तिच्याकडे कागदाचा कपटाही नाही.

एकटीने भाव ठरवणे कठीण जाते. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्यांपासून खोळी शिवणाऱ्या मुस्लिम भगिनी व्यापारी देईल त्या दराने काम करीत. १९७२ मध्ये एला भट्ट यांनी स्थापन केलेल्या 'सेवा' संघटनेने त्यांना एकत्र आणले आणि पुढे त्यांची 'सबिना' ही सहकारी संस्था उभी राहिली. आपल्या गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले, ते सर्वांना ठाऊकच आहे. पापड रोज खपतो, गोधडी वर्षातून एखादी. तेव्हा तशा भरभराटीची आशा कोणी धरू नये. पण दोरा एकत्र घाऊक घेणे आणि किमान भाव एकत्र ठरवणे एवढे आठ-दहा जणींना सहज जमते. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ मध्ये झाला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

विक्रीसाठी मोठ्या गोधडीपेक्षा दुपटी, ध्यानाला बसण्याची आसने आणि खांद्यावरच्या पिशव्या बऱ्या. त्यांना वेळ कमी लागतो आणि गिऱ्हाईक लवकर मिळते. ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या बांधवांना पुस्तके ठेवायला कापडी पिशवी लागतेच.

शेवटी निगा. गोधडी पंधरा दिवसांनी उन्हात टाकावी, मशीनमध्ये न धुता टबात पायाने तुडवून धुवावी, न पिळता निथळू द्यावी. ती जीर्ण झाल्यावर काय करायचे हे आनंदाने कोसंबीच्या उदेन राजाला सांगून ठेवले आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली तेव्हा, एवढ्या वस्त्रांचे श्रमण काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे विरली त्यांना देऊ, आनंद म्हणाला. आणि जुन्यांचे? अंथरुणावरची चादर. तिचे? गादीची खोळ. मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकण्याचे फडके, आणि अगदी शेवटी तुकडे चिखलात मळून जमीन सारवायची. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा प्रश्न विचारणारी ती मुलगी हसून म्हणाली, "ताई, फडक्यापर्यंत ठीक आहे, शेवटचे मात्र आमच्या टाइल्सवर जमायचे नाही." तिचे पहिले दुपटे तेव्हा अर्धे झाले होते.