रुग्णाचा दावा आणि वकिलाचे काम

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक स्त्री बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळंतपण सुखरूप झाले. १३ जुलै रोजी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर ताप व पोटदुखी बळावत गेली. पोट पुन्हा उघडले असता आत राहून गेलेला टॉवेल सापडला. २४ जुलै रोजी तिचा मृत्यू झाला. दिवाणी न्यायालयाने कुटुंबास ३६ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने शासनाची जबाबदारी अमान्य केली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी ती पुन्हा प्रस्थापित केली. रुग्णालय चालविणे हे लोककल्याणाचे कार्य असले तरी ते सार्वभौम सत्तेचे कार्य नव्हे, आणि चूक नेमकी कोणाच्या हातून झाली हे ठरविता आले नाही तरी शासन त्यातून सुटत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. रक्कम आजच्या मानाने तुटपुंजी आहे आणि तेहतीस वर्षांचा काळ कोणत्याही कुटुंबास न परवडणारा आहे. तथापि शासकीय रुग्णालयातील रुग्णासही दाद मागता येते, हे या निर्णयाने निर्विवाद ठरले.

अशा प्रकरणात वकिलाचे पहिले काम दावा दाखल करण्याचे नसून, दावा होतो किंवा नाही हे पारखण्याचे असते. रुग्ण दगावला म्हणजे हयगय झालीच, असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे १९५३ साली मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचार चालू असता मरण पावला. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये जी कसोटी सांगितली, ती आजही आधारभूत मानली जाते. रुग्ण हाती घ्यावा किंवा नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे. अत्युच्च कौशल्याची अपेक्षा नाही. पण कामचलाऊ कौशल्यही पुरेसे नाही.

ही पारख कागदपत्रांवरून होते. केसपेपर, परिचारिकेच्या नोंदी, संमतिपत्र, भूल दिल्याचा तक्ता व तपासणी अहवाल एकत्र करून कोणत्या वेळी काय घडले याचा क्रम वकील लावतो. २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. गावोगावच्या कुटुंबांना हे ठाऊक नसते, आणि दु:खाच्या भरात कागद मागण्याचे राहून जाते. त्यानंतर दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घ्यावे लागते. पोटात टॉवेल राहिला, अशा उघड प्रकरणी त्याची निकड फारशी नसते. फौजदारी खटल्याची गोष्ट निराळी: तेथे घोर हयगय दिसावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरविले आहे.

दाद कोठे मागावी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय नोव्हेंबर १९९५ मध्ये झाला. जेथे काही रुग्ण शुल्क भरतात, तेथील मोफत रुग्णांनाही तो लागू आहे. सर्वांना विनामूल्य सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयातच जावे लागते. ग्राहक आयोगापुढील तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावयाची असते. विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यास आयोग तो क्षमापित करू शकतो.

भरपाईच्या रकमेत वाटा ठरवून वकिलास काम घेता येत नाही. भारतातील व्यवसायनियमांत तशी मनाई आहे. त्यामुळे "जिंकल्यावर टक्केवारी द्या" असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून लोकांना सावध करणे, हे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक सहज करू शकतात. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती व अपंग यांना १९८७ च्या कायद्यान्वये, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. सोबत केसपेपरची प्रत असल्यास वकिलाचे काम त्याच दिवशी सुरू होऊ शकते.