शालेय मुलांची हृदयतपासणी : स्टेथोस्कोप ते 'इको'

घशातील स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंच्या संसर्गावर वेळीच उपचार न झाल्यास काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो. सुजलेले सांधे काही आठवड्यांत बरे होतात. हृदयाच्या झडपांना, विशेषतः मिट्रल झडपेला झालेली इजा मात्र मागे राहू शकते. दाटीवाटीची घरे आणि अपुरी आरोग्यसेवा जेथे आहे, तेथेच हा विकार प्रामुख्याने आढळतो. मुलाला धाप लागू लागेपर्यंत झडपेची बरीच हानी झालेली असते.

शाळांतील तपासणी दीर्घकाळ स्टेथोस्कोपवर विसंबून होती. कंबोडिया व मोझांबिकमधील शालेय मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या पद्धतीची मर्यादा उघड झाली. स्टेथोस्कोपने संशय येऊन पुढे निश्चित झालेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही देशांत दर हजारी सुमारे दोन होते. सर्व मुलांची इकोकार्डिओग्राफी केल्यावर ते कंबोडियात २१.५ आणि मोझांबिकमध्ये ३०.४ भरले. कारण सोपे आहे. झडपेतून उलट वाहणारे थोडेसे रक्त कानाला ऐकू येत नाही, परंतु डॉपलर तंत्रामुळे ते पडद्यावर रंगात दिसते. अशा निदानात एकवाक्यता यावी, यासाठी जागतिक हृदय महासंघाने २०१२ मध्ये निकष ठरविले व २०२३ मध्ये ते सुधारले.

यंत्राने शोधलेल्या सुप्त विकाराचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न अधिक कठीण होता. कारण यांपैकी अनेक मुलांचा विकार वाढत नाही. युगांडातील ८१८ मुलांवर झालेल्या चाचणीने त्याचे बरेचसे उत्तर दिले. दर चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घेणाऱ्या गटात दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा विकार बळावला, तर इंजेक्शन न घेणाऱ्यांत ८.२ टक्के मुलांचा.

भारतात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व ऱ्हुमॅटिक अशा दोन्ही हृदयविकारांचा समावेश आहे. फिरती पथके शाळांतील मुलांची वर्षातून एकदा, तर अंगणवाडीतील बालकांची दोनदा तपासणी करतात व संशयित मुलांना पुढे पाठवितात. हातात मावणारी इको यंत्रे आणि चित्रे वाचणाऱ्या संगणकप्रणाली यांमुळे तज्ज्ञांची उणीव काही अंशी भरून निघू शकेल. मात्र दर महिन्याचे इंजेक्शन गावाजवळ मिळत नसेल, तर अशा निदानातून पालकांच्या पदरी केवळ काळजी पडते.