तरुणांचे पुढचे दात : उपेक्षा नको, घाईही नको

संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वरूड परिसरात काय किंवा अन्यत्र काय, क्रिकेटचा चेंडू लागून अथवा सायकलवरून पडून शाळकरी मुलाचा पटाशीचा दात जाणे ही नवलाची गोष्ट नाही. सातव्या-आठव्या वर्षी आलेला हा कायमचा दात पुन्हा उगवत नाही. मग मुलगा ओठ मिटून हसू लागतो, वर्गात वाचावयास उभे राहणे टाळतो.

पहिला उपाय पहिल्या तासातच करावयाचा असतो. निखळलेला दात मुळाला हात न लावता उचलावा. माती लागली असल्यास क्षणभर धुवावा. घासू मात्र नये. शक्य तर लगेच खोबणीत बसवावा, नाहीतर दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यावा. वेळीच बसविलेला दात अनेकदा टिकतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

दात गमावलाच, तर मार्ग अनेक आहेत. काढता-घालता येणारा कृत्रिम दात सर्वांत स्वस्त असतो. तो रिकामी जागा राखतो. परंतु जबडा वाढेल तसा बदलावा लागतो. दुसऱ्या प्रकारात पातळ पट्टीच्या आधारे कृत्रिम दात शेजारच्या दाताला मागून चिकटवितात. त्यासाठी निरोगी दात फारसा कोरावा लागत नाही. नेहमीच्या 'ब्रिज'साठी मात्र दोन्ही बाजूंचे दात घासावे लागतात. कोवळ्या वयात दातातील नसांचा भाग मोठा असल्याने त्यास इजा होण्याचा धोका संभवतो. काहींच्या बाबतीत तारा लावून मोकळी जागा भरून काढता येते.

हाडात टिटॅनियमचा खुंट रोवून त्यावर दात बसविण्याची पद्धत स्वीडनचे ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये रुग्णावर प्रथम वापरली. हा खुंट हाडाशी एकजीव होतो. म्हणूनच तो जबड्याच्या वाढीबरोबर सरकत नाही. वाढत्या वयात तो बसविल्यास शेजारचे दात पुढे सरकतात आणि नवा दात आखूड दिसू लागतो. यास्तव वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे किमान अठरा वर्षांपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक काळ, थांबणे इष्ट ठरते.

थांबणे म्हणजे उपेक्षा नव्हे. जागा मोकळी राहिली तर शेजारचे दात तिच्याकडे कलतात. म्हणून तात्पुरता दात लवकर बसवून घ्यावा. या कामी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयासारख्या संस्थांचा सल्ला वरूडच्या पालकांना घेता येईल. आजचा तात्पुरता दात मुलाचे हसू जपेल आणि उद्याच्या कायमच्या दातासाठी जागाही राखील.