टोकनचा आकडा लिहायचा नाही

पीएचपीचा कोड तपासणारं टूल लिहायला घेतलंयस ना, मग आधी हे ऐक. टोकनचा आकडा कोडमध्ये कधीही लिहायचा नाही. टी_व्हेरिएबल, टी_इफ अशी नावंच वापर. त्यांच्यामागचे आकडे पार्सर तयार होताना आपोआप पडतात आणि पुढच्या आवृत्तीत ते बदलू शकतात. तू आकडे डेटाबेसमध्ये साठवून ठेवलेस, तर सर्व्हर अपग्रेड झाल्यावर एरर येणार नाही, नुसते निकाल चुकतील. ही चूक शोधणं फार जिवावर येतं. साठवायचंच असेल तर टोकन_नेम या फंक्शनकडून नाव घे आणि ते साठव.

पण नाव वाचून अर्थही गृहीत धरू नकोस. एको स्ट्रलेन("पुणे"), ही ओळ पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगसकट टोकन_गेट_ऑल या फंक्शनला देऊन बघ. टी_स्ट्रिंग म्हणून हाती काय येतं? स्ट्रलेन, म्हणजे फंक्शनचं नाव! "पुणे" येतं टी_कॉन्स्टंट_एनकॅप्स्ड_स्ट्रिंग म्हणून, तेही अवतरणचिन्हांसकट. त्याच अवतरणांत एखादं व्हेरिएबल घातलंस की त्याचे तुकडे पडतात. कंस आणि अर्धविराम तर ॲरे म्हणून येतच नाहीत, नुसती एका अक्षराची स्ट्रिंग येते. तेव्हा आधी इज_ॲरे तपास. 8.0 पासून पीएचपीटोकन हा क्लास आहे, त्यात प्रत्येक टोकन ऑब्जेक्टच असतं. जुन्या आवृत्तीची सक्ती नसेल तर तोच घे, पुष्कळ कटकट वाचते.

8.0 मध्ये आणखी दोन गोष्टी बदलल्या. ॲप\युजर हे नेमस्पेसचं नाव पूर्वी तीन टोकनांत यायचं, आता एकाच टी_नेम_क्वालिफाइडमध्ये येतं. एका ओळीच्या कॉमेंटनंतरची न्यूलाइन पूर्वी कॉमेंटमध्येच असायची, आता व्हाइटस्पेसमध्ये जाते. त्यामुळे ग्राहकाकडे 7.4 असेल तर दोन्ही आवृत्त्यांवर टेस्ट चालव.

व्हाइटस्पेस नकोशी वाटते म्हणून फेकून देऊ नकोस. सगळ्या टोकनांचा मजकूर ओळीने जोडला की मूळ फाइल बाइटन् बाइट परत मिळाली पाहिजे. ही टेस्ट सर्वांत आधी लिही. आणि फंक्शनच्या नावानंतर लगेच कंस असेलच असं धरू नकोस, मध्ये कोणी कॉमेंट टाकलेली असते. व्हाइटस्पेस आणि कॉमेंट ओलांडून पुढचं कामाचं टोकन देणारं एक छोटं फंक्शन लिही आणि सगळीकडे तेच वापर.