स्पोर्ट्स कारची चाके : शोभेमागील गणित

मोटारीचे चाक म्हणजे टायर बसविण्याचे एक कडे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वेगवान स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही समजूत अपुरी ठरते. गाडीचा सारा भार, ब्रेकचा सारा जोर आणि वळणावर गाडीला बाहेर लोटणारी ओढ ही अखेर चार चाकांतून व टायरच्या तळहाताएवढ्या चार पट्ट्यांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचते. कारखान्याने दिलेली चाके उतरवून त्यांच्या जागी बाजारातील मोठी, रुंद व चकचकीत चाके चढविण्याची हौस शहरोशहरी दिसते. तिच्याकडे निव्वळ शोभेचा प्रश्न म्हणून पाहता येणार नाही.

हलक्या धातूच्या चाकांची परंपरा जुनी आहे. बुगाटी कंपनीने १९२४ साली लियाँ येथील ग्रां प्री शर्यतीत उतरविलेल्या ‘टाइप ३५’ या गाडीला अ‍ॅल्युमिनियमची ओतीव चाके होती आणि ब्रेकचा ड्रमही चाकाबरोबरच ओतलेला होता. पुढे १९६६ साली जर्मनीतील पोर्शे कंपनीने आपल्या ‘९११ एस’ या गाडीसाठी ओटो फुक्स या धातुकाम करणाऱ्या कारखान्याकडून घडीव चाके करून घेतली. पाच पाकळ्यांचे हे चाक ‘फुक्स चाक’ म्हणून जगभर ओळखले जाते. ओतीव चाकात वितळलेला धातू साच्यात ओततात. घडीव चाकात तप्त धातूचा गोळा प्रचंड दाबाखाली आकारास आणतात. दाबामुळे धातूची वीण घट्ट होते आणि कमी वजनात तेवढेच बळ मिळते. चाक हा स्प्रिंगच्या खाली राहणारा भाग आहे. तो जितका हलका तितका रस्त्याच्या चढउतारांचा माग टायरला अधिक चांगला घेता येतो. हलकेपणाचे खरे महत्त्व येथे आहे. केवळ व्यास वाढवून बसविलेले स्वस्त ओतीव चाक पुष्कळदा मूळ चाकापेक्षा जड भरते, आणि मग दिसण्यात शर्यतीची गाडी व चालण्यात मालवाहू, अशी अवस्था होते.

चाकाच्या अंगावर कोरलेली अक्षरे व आकडे वाचता आले म्हणजे निम्मे काम होते. ‘७ जे × १५, ईटी २३.३’ असे लिहिले असेल, तर रिमची रुंदी ७ इंच, तिच्या काठाचा आकार ‘जे’ प्रकारचा आणि व्यास १५ इंच. उरलेला ‘ईटी’ हा आकडा सर्वांत फसवा आहे. चाक ज्या पृष्ठभागाने हबवर टेकते, तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, हे तो सांगतो. यालाच ऑफसेट म्हणतात. आकडा मोठा असेल तर चाक गाडीच्या आत सरकते, लहान असेल तर बाहेर येते.

फुक्स चाकांतच याचे उत्तम उदाहरण सापडते. १५ इंची व ७ जे रुंदीची फुक्स चाके दोन जातींची आहेत : एकीचा ऑफसेट २३.३ मिलिमीटर, तर ‘७ आर’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या दुसरीचा ४९ मिलिमीटर. व्यास, रुंदी व छिद्रे सारखीच; परंतु पहिले चाक दुसऱ्यापेक्षा सुमारे २६ मिलिमीटर बाहेर उभे राहते. ७ आर चाक जुन्या ९११ च्या अरुंद मडगार्डाखाली मावते, पहिल्याला रुंद मडगार्ड लागते. १९७३ च्या ‘९११ कॅरेरा आरएस’ या गाडीला पुढे ६ व मागे ७ इंच रुंदीची चाके देताना कंपनीने मागील मडगार्डेच रुंद केली. हौशी मंडळी नेमके हेच विसरतात आणि रुंद चाक घालून मडगार्डाची कड हातोडीने वळवत बसतात.

हा हिशेब घरी कागदावर करता येतो. समजा, मूळ चाक ६.५ इंच रुंदीचे व ४५ ऑफसेटचे आहे, आणि नवे ८ इंच रुंदीचे व ३० ऑफसेटचे. रुंदीचा निम्मा भाग अनुक्रमे ८२.५५ व १०१.६ मिलिमीटर येतो. त्यातून ऑफसेट वजा केला की बाहेरची बाजू कळते : ३७.५५ व ७१.६. म्हणजे नवे चाक ३४ मिलिमीटर बाहेर आले. ऑफसेट मिळविला की आतली बाजू : १२७.५५ व १३१.६, आतही ते ४ मिलिमीटर सरकले. बाहेर मडगार्ड घासेल की नाही, आत सस्पेन्शनला लागेल की नाही, हे एवढ्यावरून ताडता येते. चाक बाहेर सरकले की बेअरिंगवरील ताण वाढतो व सुकाणूही खड्ड्यागणिक हातात ओढ घेऊ लागते.

छिद्रांच्या बाबतीत तडजोड मुळीच चालत नाही. ज्या वर्तुळावर बोल्ट बसतात त्याचा व्यास पोर्शेच्या बहुसंख्य गाड्यांत १३० मिलिमीटर, इतर अनेक गाड्यांत ११२ किंवा ११४.३ असतो. शेवटच्या दोहोंतील फरक अवघा २.३ मिलिमीटर! जोर लावून नट आवळले जातातही, पण ते तिरके बसतात. मुळात चाक बोल्टांवर टांगलेले नसते. नट ते हबवर दाबून धरतात आणि त्या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण भार पेलते. तिरक्या नटाने हा दाब मिळत नाही. चाकाचे मध्यछिद्र हबपेक्षा मोठे असेल तर योग्य मापाची कडी घालतात. ती नसेल तर चाक केंद्रावर न बसता गाडी थरथरते. नटाची बैठक शंकूसारखी की गोलाकार, हेही जुळले पाहिजे.

टायरचे गणित निराळे. २०५/५५ आर १६ या टायरचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर. चाक १७ इंची केल्यास २२५/४५ हा टायर घ्यावा. व्यास ६३४ येतो, फरक नगण्य. तेथेच २२५/५५ घेतला तर व्यास ६७९ होतो आणि वेगमापकाचा काटा ८० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ८६ ने धावत असते. उलटपक्षी, टायरची भिंत जितकी आखूड, तितका खड्ड्याचा मार थेट रिमवर. पावसाळ्यानंतर वाकलेल्या व तडकलेल्या रिमा दुकानांत येतात त्या या कारणाने. वेल्डिंग करून रंग मारलेली तडकलेली रिम पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. रंगाखालची तड डोळ्यांना दिसत नाही.

चाकांची खरी पारख प्रयोगशाळेत होते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था, योगायोगाने, फुक्स चाकाच्याच वर्षी, १९६६ साली, स्थापन झाली. चाकाला वळणाचा ताण, उभा भार व तिरका आघात अशा तीन कसोट्या प्रामुख्याने लावतात. केंद्र सरकारने २०२० साली मोटारींच्या रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाची अट घातली. हे चिन्ह नसलेले, नामांकित चाकाची नक्कल असलेले चाक स्वस्त मिळते. त्याने कोणती कसोटी दिली आहे हे मात्र कोणी सांगू शकत नाही. गाडीच्या मूळ तपशिलात विसंगती येईल असे बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मना आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य प्रत्येक बदलास मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, होऊ शकतात. जर्मनीतही अमान्य चाकांमुळे गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवाना रद्द ठरू शकतो.

नवी चाके बसविल्यावर नट टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मापाइतके व समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरांनंतर ते पुन्हा तपासून घ्यावेत.