सालं ठीक, पण गोंद कुठला?

अगं, कोस्टरचे फोटो पाहिले. देखणे झालेत, ऑर्डरीही यायला लागल्यात म्हणून तू हवेत आहेस, तेही कळतंय. पण एक विचारू? ती डाळिंबाची सालं बसवलीस कशात? इपॉक्सीत असतील, तर नावाला सालं आणि कामाला प्लास्टिक. ते खतात जिरायचं नाही, वितळवता यायचं नाही, भंगारवालासुद्धा घ्यायचा नाही. नुसती सालं कुंडीत टाकली असतीस तर त्यांची मातीच झाली असती. रागावू नकोस. बाहेरचे लाइक देऊन मोकळे होतात, हे सांगणार कोण?

तोक्योच्या कोसुके अराकीचं काम बघ. घरातल्या भाजीच्या देठा-सालींचा त्याने कोळसा केला, कुटला, उरुशीत कालवला आणि त्याची भांडी केली. उरुशी म्हणजे तिकडच्या एका झाडाचा चीक. सुकला की टणक होतो, पाण्याला दाद देत नाही. (ओला मात्र अंगावर पुरळ उठवतो, तू त्या नादी लागू नकोस.) कोळसा झाला की कुजण्याची धास्तीच संपते. म्हणजे माल आणि गोंद, दोन्हींचा विचार त्याने केला.

आपल्याकडेही कागद भिजवून, मेथीच्या पिठात कुटून त्या लगद्याने टोपल्या लिंपायचे. मेथी भिजली की बुळबुळीत होते, वाळली की घट्ट धरते. तोच गोंद घे. अंड्याची टरफलं उकळून, आतला पापुद्रा काढून, वाळवून कुट आणि त्या गोंदात कालव. टरफल म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट, कुजत नाही. पण त्याची केलेली वस्तू पाणी सोसणार नाही. म्हणून पेनस्टँड कर, कोस्टर नको. आणि वाळवणाचं काम उन्हाळ्यातच उरक, पावसाळ्यात नक्की बुरशी धरेल.

कोस्टरच हवेत तर करवंटी घे. घासली, तेल चोळलं की झालं, गोंदाची गरजच नाही. कोकणात करवंटीची डवली वर्षानुवर्षं गरम आमटीत बुडते, ती काय उगीच?

डाळिंबाची सालं रंगाला ठेव. तुरटीबरोबर सुती कापडावर सुरेख पिवळा चढतो, लोखंडाच्या पाण्यात तोच काळपट होतो.

आणि हे बघ, आधीच्या कोस्टरांवर ‘पर्यावरणपूरक’ लिहिलं असशील तर ते आजच काढ. घेणाऱ्याला आत काय आहे ते स्पष्ट सांग. नवा नमुना झाला की दोन पाठव. एक पाण्यात टाकते, एक कुंडीत पुरते. काय होतं ते बघून मगच भाव ठरवू.