‘वेडा’ म्हणून सोडून देण्यापूर्वी

‘वेडा’ हा शब्द आपल्या तोंडी किती सहज येतो! वर्गात कोणाशी न बोलणारा, एकटाच डबा खाणारा, वहीत काहीतरी भयंकर लिहिणारा कोणी दिसला की आपण हा शब्द उच्चारतो आणि मोकळे होतो. कोणी माथेफिरूने अनेकांचे बळी घेतल्याची बातमी आली की हाच शब्द पुन्हा कामी येतो. पण त्याने काही उलगडते का? मानसशास्त्राच्या अभ्यासाच्या निमित्ताने वाचनात आलेल्या एका घटनेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात, इंग्रजी साहित्याच्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थ्याने गोळ्या झाडून ३२ जणांना ठार मारले व अखेर स्वतःलाही संपविले. मृतांत मूळचे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते, तशीच मुंबईहून शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनीही होती.

राज्याच्या गव्हर्नरांनी नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. त्यावरून दिसते की हे संकट आभाळातून कोसळले नव्हते. शाळेत असताना या मुलाचे गप्प राहणे हा मानसिक आजार आहे हे ओळखले गेले होते. उपचार झाले होते, शाळेने सवलतीही दिल्या होत्या. विद्यापीठात येताच तो धागा तुटला. २००५ साली कवयित्री निक्की जिओव्हानी यांच्या तासाला त्याच्या वागण्याच्या भीतीने मुले येईनाशी झाली, तेव्हा बाईंनी त्याला वर्गातून हलविण्याचा आग्रह धरला. विभागप्रमुख ल्युसिंडा रॉय यांनी त्याला एकट्याला शिकविले, समुपदेशकाकडे जाण्यास परोपरीने सांगितले, वरिष्ठांनाही कळविले. दोन विद्यार्थिनींनी पोलिसांकडे तक्रार केली. डिसेंबरात वसतिगृहातील सोबत्याने त्याच्या आत्महत्येच्या बोलण्याची खबर पोलिसांना दिली. त्याला एक रात्र रुग्णालयात ठेवले गेले आणि दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा न्यायालयीन आदेश झाला. पण ते उपचार तो घेतो की नाही, हे कोणी पाहिले नाही. आईवडिलांना कोणी कळविले नाही. आदेशाची नोंद केंद्रीय यादीत न गेल्याने २००७ मध्ये तो तपासणी पार करून दोन पिस्तुले विकत घेऊ शकला.

म्हणजे कोणीच काही केले नाही असे नव्हे. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता. ते जोडणारा कोणी नव्हता. खासगीपणाच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावून कार्यालये एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणूनच २००८ मध्ये व्हर्जिनियाने कायदा करून प्रत्येक सरकारी महाविद्यालयात असे तुकडे एकत्र पाहणारे पथक सक्तीचे केले.

मग प्रत्येक मनोरुग्णाला भ्यावयाचे काय? मुळीच नाही. अमेरिकेतील अभ्यासानुसार समाजातील एकूण हिंसाचारापैकी गंभीर मानसिक आजारामुळे घडणारा भाग शेकडा चारच्या आसपास आहे. बहुतेक रुग्ण कोणालाही इजा करीत नाहीत. उलट तेच अनेकदा मार खातात. आजाराच्या नावापेक्षा वागणे व बोलणे पाहणे महत्त्वाचे. तेथील सीक्रेट सर्व्हिसने शाळांतील ३७ हल्ल्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शेकडा ८१ प्रसंगी हल्ल्याचा बेत निदान एका व्यक्तीला तरी आधी ठाऊक होता, आणि ही व्यक्ती बहुधा मित्र, वर्गबंधू किंवा भावंड होती. म्हणजे पहिली खबर प्राचार्यांना नव्हे, आपल्यासारख्यांनाच लागते.

आपल्याकडे बंदूक इतकी सहज मिळत नाही. परंतु कोंडलेले दुःख स्वतःवरच उलटते, हे आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. आमच्या गावाकडे असा मुलगा दिसला की आधी देवऋषी, मग अंगारा, आणि शेवटी ‘लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल’ हा सल्ला! शिकलेल्यांनी टिंगल करून बाजूला व्हावे, हे त्याहून बरे कसे म्हणावे?

मित्रहो, डॉक्टर होणे आपले काम नव्हे. पण शेजारी जाऊन बसता येते. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारता येते. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलणाऱ्याला हलके वाटते. कोणी स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव घेण्याची भाषा करू लागला, तर ‘कोणाला सांगू नकोस’ ही शपथ पाळावयाची नसते. ते घरच्यांच्या, प्राध्यापकांच्या, धोका समोर दिसत असल्यास पोलिसांच्या कानावर घालावे. २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. तेथे जाणे ही लाज नव्हे.

गुरुजनांनाही एक विनंती. अशी काळजी वाटल्यास आपल्या महाविद्यालयात ती नेमकी कोणाला सांगावयाची, त्यांचे नाव व भेटण्याची वेळ सूचनाफलकावर लावावी. बोलणारा विद्यार्थी ‘चुगलखोर’ ठरणार नाही, एवढेही त्याखाली लिहावे.